पालथं सूप आणि उतावळा नगरपाल

एके काळी, म्हणजे आपल्या पणजोबांच्या पणजोबांनाही जी गोष्ट जुनी वाटायची त्या काळी, एका नदीकाठी एक नगर होतं. नगर मोठं होतं, बाजार भरलेला होता, आणि माणसं थोडी भांडकुदळ असली तरी मनाने चांगली होती.

या नगराची एक रीत होती. कुणाच्या घरी आजारपण आलं किंवा बाळंतपण आलं, की घरचं माणूस धान्य पाखडायचं सूप दाराबाहेर पालथं टांगायचं. याचा अर्थ, आज या घरातले हात अडकलेत, कुणीतरी आत या. ज्याला ते सूप पहिल्यांदा दिसेल, त्याने आत जायचं. घर ओळखीचं आहे का, माणूस आपल्या जातीचा आहे का, काल त्याच्याशी भांडण झालं होतं का, हे काही विचारायचं नाही. चपला काढायच्या आणि आत शिरायचं.

आता अशा रीतीत गमतीजमती व्हायच्याच. तालमीतून घरी निघालेला पैलवान बाळंतिणीच्या घरात शिरला, की पाळण्याची दोरी त्याच्या हाती यायची. तो अशी काही अंगाई म्हणायचा, की झोपलेलं पोर दचकून उठायचं. म्हादबा कुंभार मडकी छान भाजायचा, पण आजाऱ्याची पेजही तेवढीच भाजायचा. तरी ती पेज पोटात जायची, आणि खाटेवरच्या माणसाला उशाशी कुणीतरी बसलेलं दिसायचं.

राजाने या नगरावर एक नवा नगरपाल नेमला. तो इथेच वाढलेला होता. लहानपणी आईबाप गेले तेव्हा कुंभारआळीतल्या आत्याने त्याला घरी आणलं, आपल्या ताटातलं भरवलं आणि मोठं केलं. मनाने तो फार मऊ होता, पण कामाला तितकाच उतावळा. चांगलं काम करायचं तर आजच, आणि झालेलं चारचौघांना दिसायला हवं, अशी त्याची तऱ्हा.

पहिल्याच फेरीत त्याच्या कानावर पैलवानाची अंगाई पडली. चार पावलं पुढे गेला तर म्हादबाच्या पेजेचा वास आला. नगरपालाचा जीव कळवळला.

"एवढं मोठं आपलं नगर," तो कारभाऱ्यांना म्हणाला, "आणि आजाऱ्याने करपलेली पेज खायची? लोकांनी आपापली कामं टाकून दुसऱ्याच्या घरी राबायचं? छे! हे काम नगराचं आहे. नगर करील."

बोलण्यासारखाच तो वागला. चांगली तरतरीत माणसं निवडून त्याने त्यांना वैद्याकडे शिकायला धाडलं, त्यांच्या डोक्याला हिरवं पागोटं बांधलं आणि त्यांना नाव दिलं सूपदूत. शोभा यावी म्हणून नगरातली सगळी दारंही त्याच हिरव्या रंगाने रंगवून घेतली. मग चौकाचौकात दवंडी पिटली, "ऐका हो ऐका! आजपासून दारी पालथं सूप दिसलं तर नागरिकांनी तसदी घेऊ नये. सूपदूत येईल, सगळं करील!"

आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला सगळं झकास चाललं. सूपदूतांची पेज करपत नव्हती. त्यांच्या हातून औषधाचा थेंब सांडत नव्हता. लोक खूश झाले. पैलवान तालमीतून थेट घरी जाऊ लागला. नगरपालाला तर आपलं नगर म्हणजे भूलोकीचा स्वर्ग वाटू लागला, आणि त्या स्वर्गाला एक कचेरी हवी म्हणून त्याने सूपदूतांसाठी नवी इमारत बांधायला घेतली.

पाऊस ओसरला आणि तापाची साथ आली. आळ्या पुष्कळ, सूपदूत मोजके. सकाळी टांगलेली सुपं दुपार झाली तरी दारावर तशीच दिसू लागली. जाणारे-येणारे बघायचे आणि म्हणायचे, "येईलच आता सूपदूत." एक म्हातारा जुन्या सवयीने एका घरात शिरायला निघाला, तर त्याच्या सुनेनेच त्याला मागे ओढलं. "मामंजी, ते आपलं काम नाही. उगीच काही चुकलं तर आपल्यावर यायचं!" म्हाताऱ्याने पायात पुन्हा चपला सरकवल्या.

एके दिवशी भर दुपारी नगरपाल घाईघाईने कुंभारआळीतून निघाला होता. सूपदूतांच्या इमारतीचं उद्घाटन होतं आणि त्याला आधीच उशीर झाला होता. वाटेत एका हिरव्या दारावर पालथं सूप दिसलं. सुपाच्या काठाला लाल चिंधी गुंडाळलेली होती.

"बघा," तो बरोबरच्या कारभाऱ्याला कौतुकाने म्हणाला, "लोकांना आपल्या व्यवस्थेचा किती आधार वाटतो! सूपदूतांना कळवा हं कुणीतरी." आणि तो पुढे गेला.

उद्घाटन थाटात झालं. हार झाले, भाषण झालं, पेढे झाले. पेढा तोंडात टाकता टाकता नगरपालाने सूपदूतांच्या नाईकाला विचारलं, "कुंभारआळीत कोण गेलंय?"

"कुणीच नाही, सरकार," नाईक म्हणाला. "आज सगळ्यांना इथे हजर राहायला सांगितलं होतं ना. तुमचं भाषण होतं."

पेढा नगरपालाच्या घशात अडकला. त्याला ती लाल चिंधी आठवली. लहानपणी खेळताना एका सुपाचा काठ त्याने मोडला होता, आणि आत्या रागावेल म्हणून तिच्याच जुन्या लुगड्याची चिंधी त्यावर गुंडाळली होती. सगळी दारं एका रंगाची केल्यावर त्याला आत्याचं दारही ओळखता आलं नव्हतं.

तो हारासकट पळत सुटला.

आत्या खाटेवर पडली होती. अंग तापाने फणफणत होतं, ओठ सुकले होते आणि उशाचा तांब्या कोरडा होता. सकाळी कसंबसं उठून तिने सूप टांगलं होतं, त्यानंतर घरात कुणीही आलं नव्हतं. नगरपाल घागर घेऊन आळीतल्या विहिरीकडे धावला. विहिरीत खोलवर पाणी भरपूर होतं, पण काढायचा दोर कुजून कधीच तुटला होता. घागर हातात घेऊन तो तिथेच उभा राहिला आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "अरे, कुणी आहे का? माझी आत्या मरते आहे!"

दारं उघडली. म्हादबा आला, पैलवान आला, शेजारच्या बायाबापड्या आल्या. पैलवानाने घागर उचलली आणि दूरच्या पाणवठ्याकडे धूम ठोकली. बायांनी आत्याचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी येताच कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. म्हादबाने चूल पेटवली.

"आम्ही सकाळीच आलो असतो, सरकार," तो मान खाली घालून म्हणाला. "सूप बगितलं होतं म्या. पर दवंडी झाली होती न्हवं? वाटलं, तुमचं मानूस येईल."

"माझं माणूस आलं होतं," नगरपाल म्हणाला. "मीच आलो होतो. आणि निघून गेलो." एवढं बोलून तो लहान पोरासारखा रडला.

आत्या वाचली. ताप उतरला, करपलेल्या पेजेला नावं ठेवण्याइतकी शक्ती तिच्या अंगात आली, तेव्हा नगरपाल तिच्या पायाशी बसून होता.

"त्या दिवशी मी तुझा आवाज ओळखला रे," आत्या म्हणाली. "मनात म्हटलं, आलं माझं पोर. मग तुझी पावलं लांब जाताना ऐकली."

नगरपालाने तिचे पाय धरले आणि तो पुन्हा रडू लागला.

"रडू नकोस. तुझ्या मनात काही वाईट नव्हतं," आत्या म्हणाली. "पण मला एक सांग. पैलवानाला गाता येत नाही, म्हादबाला पेज जमत नाही, हे तुला लगेच दिसलं. विहिरीला दोर नाही, हे नाही दिसलं? उशाशी बसायला माझे शेजारी आहेत. पण दोर, औषध, आळीतला दिवा, हे एकट्या म्हादबाने कुठून आणायचं? ते तू आणायचंस. तू त्यांचं काम घेतलंस आणि तुझं विसरलास."

"चुकलो, आत्या," नगरपाल म्हणाला.

"मग ऊठ आणि कामाला लाग. माझ्या पायाशी बसून दोर वळला जाणार नाही."

नगरपाल उठला. उतावळा स्वभाव या वेळी चांगलाच कामी आला. त्याच दिवशी विहिरीला नवा दोर आला. पाठोपाठ आळीआळीत दिवे लागले, काढ्याची औषधं आणि घोंगड्या प्रत्येक चौकात ठेवल्या गेल्या, वैद्यांचे फेरे ठरले. सूपदूतांना त्याने काढलं नाही. नव्या इमारतीत ते लोकांना शिकवू लागले, ताप कसा ओळखायचा, बाळ कसं धरायचं, पेज कधी उतरवायची. पैलवान पहिल्या रांगेत मांडी ठोकून बसला.

आणि पुन्हा दवंडी पिटली गेली, "ऐका हो ऐका! सूप दिसलं तर आधी आत जा. काही चुकलं तर तुम्हाला कुणी बोल लावणार नाही. तुमच्याने होईना तर हाक मारा, नगर तुमच्या पाठीशी आहे!"

लोक पुन्हा एकमेकांच्या घरात शिरू लागले आणि साथ हळूहळू ओसरली. पुढे एकदा राजाने नगरपालाला भेटीला बोलावलं, तर स्वारी तासभर उशिरा पोहोचली, तीही अंगरख्यावर पेजेचे डाग घेऊन. "वाटेत एक सूप लागलं, महाराज," तो म्हणाला. राजा हसला, आणि तेव्हापासून त्या राज्यात नवा नगरपाल नेमताना राजा आधी विचारायचा, शेवटचं कुणाच्या उशाशी बसला होतास?

तात्पर्य: कारभाऱ्याने शेजाऱ्याची जागा घेऊ नये, शेजाऱ्याच्या पाठीशी उभं राहावं.