स्टर्जनचं बाळंतपण

बर्फाच्या डोंगरातून उतरणाऱ्या एका नदीकाठी, आता कुणालाच आठवत नाही इतक्या जुन्या काळी, एक नावाडी राहत होता. या नदीचं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, असं तो चारचौघांत सांगे. बऱ्याच अंशी ते खरंही होतं.

त्या नदीत दर चार-पाच वर्षांनी समुद्रातून एक स्टर्जन मादी यायची. स्टर्जन म्हणजे माणसाहूनही लांब मासा. पाठीवर हाडांच्या ढाली, तोंडाखाली चार मिशा. पोटात लाखो अंडी घेऊन ती शेकडो कोस प्रवाहाच्या उलट पोहायची, वाटेत घासही खायची नाही. गावाजवळच्या बेटाला खेटून नदीचा एक अरुंद फाटा धावत होता. त्यातल्या गोट्यांवर अंडी घालून ती परत जायची. डाव्या अंगाच्या एका तुटक्या ढालीवरून ती ओळखू यायची. नावाड्याच्या वडिलांनीही हीच मादी पाहिली होती. इतक्या लांबून तिला नेमकी हीच जागा कशी सापडते, याचं नावाड्याला लहानपणापासून नवल वाटे.

"लेक बाळंतपणाला माहेरी येते," तो एका वर्षी गावकऱ्यांना म्हणाला, "आणि आपण तिला दगडांवर निजवतो. तेही खळाळत्या पाण्यात. लाज वाटायला हवी आपल्याला."

गावाला ते पटलं. माणसांनी फाट्याच्या तोंडाशी दगडांचा बांध घालून पाणी संथ केलं. बायकांनी टोपल्या भरभरून मऊ गाळ आणला. नावाड्याने तो गोट्यांवर स्वतःच्या हातांनी पसरला, अंथरूण घालावं तसा.

मादी आली. मागोमाग दोन-तीन नर आले. ती फाट्यात शिरली, मिशांनी तळ चाचपला आणि मागे फिरून खालच्या डोहात जाऊन थांबली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

"अजून टोचत असेल तिला," असं म्हणून नावाड्याने आणखी चार टोपल्या गाळ ओतला.

त्याची बायको काठावरून बघत होती. ती म्हणाली, "अहो, तीन महिने पाण्याशी झुंजत वर आली ती. मऊ जागाच हवी असती, तर खाली वाटेत काय कमी होती?"

नावाडी घुश्शातच घरी गेला.

चौथ्या दिवशी सकाळी मादीचं तोंड समुद्राकडे वळलेलं होतं. ते पाहून नावाडी धावत काठाशी आला. ती अशीच गेली, तर अंडी पोटातच जिरणार आणि तिचा सगळा प्रवास वाया जाणार. त्याला वडील आठवले. लहानपणी त्यांनी पाण्यातला एक स्वच्छ गोटा दाखवला होता, त्याला अंडी घट्ट चिकटली होती आणि त्यांच्यावरून पाणी धावत होतं. गाळात ती अंडी गुदमरली असती. हे त्याला ठाऊक होतं, पण लेकीच्या कौतुकात तो विसरून गेला होता.

तो बांधावर चढला आणि दगड उपसू लागला.

"अरे, हा बांध तूच घालायला लावलास ना?" लोकांनी विचारलं.

"मीच. चुकलो मी. आता हात लावा," तो म्हणाला.

बांध फुटला तसं पाणी धडधडत आत आलं आणि गाळ घेऊन गेलं. दुपारपर्यंत गोटे लख्ख झाले. मग ती डोहातून वर आली, नर तिच्या दोन्ही अंगांना. त्या वेगात ती दगडांना अंग घासत राहिली, पाणी उसळत राहिलं, आणि संध्याकाळपर्यंत गोटान् गोटा अंड्यांनी भरला. नावाड्याचे डोळे भरून आले. एवढी ताकद आणि एवढा धीर त्याने माणसांत पाहिला नव्हता. काम झाल्यावर ती मागे न बघता समुद्राकडे निघून गेली.

"पुढच्या खेपेला तिच्यासाठी काय करायचं?" मुलांनी विचारलं.

"गोटे स्वच्छ आहेत ना, ते बघायचं," नावाडी म्हणाला, "आणि काठावर उभं राहायचं."

तात्पर्य एवढंच, की ज्याच्यावर माया करायची, त्याला काय हवं ते आधी त्याच्याकडे बघून समजून घ्यावं. आपल्याला मऊ वाटतं ते त्याला सोसेलच असं नाही.