कमी केलेला अर्धा तास

“मग चूक कुणाची, वस्ताद? गेलेल्याची, की आलेल्याची?”

विचारतानाही मंदार इंगवले उभाच होता. हुसेनवस्तादांनी दोनदा चटईकडे हात केला. दोनदा तो टेकला आणि पुन्हा उठला.

मंदार साखर कारखान्याचा मॅनेजर. वस्तादांनी त्याच कारखान्याच्या बॉयलरवर छत्तीस वर्षं काढलेली. मंदार शिकाऊ म्हणून आला तेव्हा वाफेशी कसं वागावं, हे त्यांनीच त्याला शिकवलं होतं. आता ते घरी नात सांभाळत होते, आणि हिच्यापेक्षा बॉयलर बरा होता म्हणत होते.

घडलं ते एवढंच. बॉयलरच्या एका व्हॉल्व्हमधून वाफ निसटत होती. सकाळी सहाला सुटलेल्या सोपानला ते ठाऊक होतं. त्याने मोबाईलवर निरोप टाकला आणि तो घरी गेला. सहालाच कामावर आलेल्या येसाजीने निरोप वाचायच्या आत व्हॉल्व्हला हात घातला. कोपरापर्यंत भाजला.

पूर्वी जाणारा आणि येणारा अर्धा तास बॉयलरपुढे बरोबर असत. चहा पीत, सगळीकडून एक चक्कर मारत, मगच जाणारा निघे. गेल्या वर्षी मंदारने तीन पाळ्यांच्या दोन केल्या, बारा-बारा तासांच्या, आणि तो अर्धा तासही काढून टाकला. वरून शाबासकी मिळाली, तेव्हा स्वारी चार दिवस जमिनीवर नव्हती.

आता उद्या अहवाल द्यायचा होता. त्यात एक नाव लिहायचं. ज्याचं नाव, त्याची नोकरी जाणार.

सोपानचं लिहायचं असं त्याने जवळजवळ ठरवलं होतं. पण दवाखान्यात येसाजीची बायको त्याला एक शब्द बोलली नव्हती. नुसती बघत राहिली होती. ते त्याला सोसत नव्हतं.

“एका कामाला अर्धा तास दोन माणसं कशाला, सांगा ना? निरोप तर पोचला होता. मग...”

वस्ताद नातीची पाठ थोपटत होते.

“तुम्ही काहीतरी बोला. मला दोन दिवस झोप नाही...”

“हिला धर जरा,” वस्ताद म्हणाले.

खांद्यावरची चार महिन्यांची नात त्यांनी पुढे केली. मंदारने घाईघाईने वाकून हात पसरले.

“घेतली?”

“घेतली.”

तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. कारखान्यातूनच असणार. मंदारचा उजवा हात सवयीने खिशाकडे गेला, आणि पोरीची मान मागे कलंडली...

खाली वस्तादांचा हात होता.

मंदार मटकन चटईवर बसला. पोरीला त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरलं. मोबाईल वाजून वाजून थांबला. पोर रडलीसुद्धा नाही. मंदारच्याच डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायचंही त्याला सुचलं नाही.

“तुमचा हात होता म्हणून, वस्ताद...”

वस्तादांनी तेव्हा कुठे आपला हात काढून घेतला.

“माझी पाळी तर तू ‘घेतली’ म्हणालास तवाच सुटली हुती.”