थेवनबुवाचा पट्टा

"त्या यवनाच्या तोंडावरचा पट्टा सुटला ना, तर समुद्र नेलेला माणूस परत..."

एवढंच सावूच्या कानावर पडलं. तिची घागर दिसताच विहिरीवरच्या बायांनी तोंडं मिटली आणि वाट धरली. सावूला सांगितलेली गोष्ट सांजेच्या आत गावभर व्हायची, हे सगळ्यांना ठाऊक. पण अर्धी गोष्ट सावूला पचायची नाही. राहिलेला शब्द घरी जाता जाता तिनं आपला आपणच जोडून टाकला: देतो.

फार फार मागची गोष्ट ही. तेव्हा वेळसईच्या खाडीत मिरी न्यायला यवनांची गलबतं यायची. यवन म्हणजे ग्रीक, समुद्रापलीकडच्या मुलखातले. त्यांतलाच हा थेवन, सावूच्या कुडाला कूड लावून राहायचा. त्याचं सारं आयुष्य आज आपल्याला माहीत आहे, ते सावूनं वाटीभर कालवण पुढे करून खोदून खोदून विचारलं म्हणून.

थेवनचा बाप बोरूचे पावे करायचा. पोर बोलायच्या आधी फुंकायला शिकलं, आणि तेही दोन पावे एकदम तोंडात धरून. मोठा झाल्यावर तो डोंगरउतारावरच्या दगडी पायऱ्यांपुढे नाटकांच्या खेळांना साथ करायला लागला. असं म्हणतात, की तो वाजवायचा तेव्हा त्या पायऱ्यांवरची सगळी माणसं एका लयीत श्वास घ्यायची. स्पर्धा जिंकून त्यानं डोक्यावर पानांचा मुकुट मिरवला. मग लढाई आली, शहर जळालं, ऐकणारे पांगले. पोटासाठी तो मुकुटवाला गलबतावर वल्हेकऱ्यांना ठेका द्यायला लागला. त्याचा सूर उठायचा तशी वल्ही उठायची.

वेळसईच्या तोंडाशी वादळात ऐन वेळी त्याचा पट्टा तुटला. वाजवताना पावे तोंडाशी घट्ट राहावेत म्हणून गालांवरून डोक्यामागे बांधायचा कातडी पट्टा होता तो. सूर थांबला, वल्ही वल्ह्यांत अडकली आणि गलबत कातळावर गेलं. थेवन तेवढा किनाऱ्याला लागला.

"मी थांबलो, वहिनी," एवढंच तो सावूला म्हणायचा.

सावूच्या नवऱ्यानं, हरकूनं, तो पट्टा जाळ्याच्या सुतानं शिवून दिला. तेव्हापासून थेवन रोज सांजेला कातळावर उभा राहायचा आणि बुडालेल्या सोबत्यांना ठेका द्यायचा. हरकू थट्टा करायचा, "बुवा, तुमची माणसं अजून वल्हवतायत होय? दमली असतील. जेवायला बोलवा त्यांना आता." थेवन हसायचा, आणि पुन्हा वाजवायचा.

पट्टा कशाला, हेही सावूनं विचारलं होतं. फुंकताना गाल फाटू नयेत म्हणून, असं तो म्हणाला. सावूला ते काही पटलं नाही. नुसत्या गालांसाठी कुणी तोंड एवढं आवळून घेतं होय?

मग थंडीतल्या एका सकाळी धुकं उतरलं. होड्या बाहेर होत्या, हरकूची होडीही. खाडीचं तोंड दिसेना, किनाऱ्यावरच्या शंखाचा आवाज कुठून येतो ते होड्यांना कळेना. थेवन कातळावर चढला आणि वल्ह्यांचा ठेका वाजवू लागला. त्या सुराला धरून एकेक होडी आत आली. दुपार कलली, सगळ्यांची माणसं घरी गेली. हरकू आला नाही.

सावू कातळावर गेली. तिनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

"पट्टा सोडा, बुवा."

थेवननं तिच्याकडे पाहिलं. कातडं ते कातडंच, हे त्याच्याएवढं कुणाला ठाऊक होतं? हरकूनं घातलेले टाके त्यानं नखांनी तोडले, पट्टा सावूच्या हातात दिला आणि उघड्या गालांनी फुंकायला लागला.

असं म्हणतात, की तसा सूर या किनाऱ्यानं ना आधी ऐकला ना नंतर. लाटा जागच्या जागी थांबल्या. ओठांतून रक्त आलं, गाल फाटले, तरी तो थांबला नाही. धुकं पडद्यासारखं वर गेलं आणि हरकूची होडी दिसली. तिची वल्ही ठेक्यावर उठत होती, पडत होती, आणि वल्ह्यांवर कुणीच नव्हतं. फक्त बाकं ओली होत होती.

थेवननं वल्हवणारे ओळखले, आपलेच बुडालेले सोबती, असं म्हणतात. होडी वाळूला टेकेपर्यंत त्यानं सूर धरला. मग तो बसला, तो उठलाच नाही.

होडीत हरकू होता. जाळ्यावर झोपल्यासारखा, गार.

सावूनं दोघांना शेजारी शेजारी पुरायला लावलं. घरांसारखंच.

आजही वेळसईत नवी होडी पाण्यात जायची असली, की वल्ह्याला कातड्याची पट्टी जाळ्याच्या सुतानं शिवतात, आणि टाका शेजारणीनं घालायचा असतो. विहिरीवर कुणी आलं तर बोलणं तोडत नाहीत. पहिल्यापासून पुन्हा सांगतात, शेवटापर्यंत. नव्या सुना विचारतात, समुद्र खरंच नेलेला माणूस परत देतो का? म्हाताऱ्या घागर खाली ठेवतात.

"देतो गं. पण त्याचा श्वास ठेवून घेतो. आणि बोलावणाऱ्याचाही."