लेकुरवाळीच्या दारची डावी रेघ

वेळंबीच्या टेकडीवर लेकुरवाळी आईचं देऊळ आहे. गाभाऱ्यात मूर्ती नाही. भिंतीवर रंगवलेली देवी आहे. सव्वा महिना झाला की बाळंतीण तिथं जाते, वाटीत काव, म्हणजे तांबडी माती, भिजवते आणि उंबऱ्यापाशी एक रेघ ओढते. तीही डाव्या हातानं. परगावच्या बायका बिचकतात. "अगं बाई, देवीच्या दारी डावा हात?"

गुरवाची सून हसते. "इथं उजवा चालत नाही, ताई. टेका जरा, सांगते."

असं सांगतात, की फार जुन्या काळी वेळंबीत लुमाजी चितारी राहायचा. घोड्याच्या खोगिरापासून देवळाच्या कमानीपर्यंत पंचक्रोशीत रंग त्याचाच. एका श्वासात हातभर रेघ ओढायचा, म्हणे. ओळंबा लावून बघावी, इतकी सरळ. घरात मात्र पाळणा टिकेना. तीन लेकरं बारशाआधीच गेली. चौथ्या खेपेला तो नवस बोलला, "एवढं जगू दे, आई. तुला लेकरासकट भिंतीवर उभी करीन."

लेक जगली. नाव ठेवलं जिवाई.

देवी महिन्याभरात उभी राहिली. हिरवं लुगडं, कपाळभर मळवट, डोळ्यांत माया. राहिलं ते कडेवरचं बाळ. ते काही केल्या जमेना. रेघ चुकत नव्हती. पण काढलेलं प्रत्येक बाळ निजल्यासारखं दिसे, आणि तशी निजलेली तीन लुमाजीनं आपल्या हातानं मातीआड केली होती. तो ओलं फडकं घ्यायचा, पुसून टाकायचा. पुन्हा काढायचा, पुन्हा पुसायचा. अशी वीस वर्षं गेली. बाकीची कामं सुटली, नजर अधू झाली. बायको येसू रोज भाकरी घेऊन टेकडी चढायची, भिंतीकडे एकदा बघायची आणि मुकाट उतरायची.

मग एका सकाळी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात वाळल्या फांदीसारखा लोंबू लागला.

त्याच साली जिवाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि अडली. दोन दिवस झाले. सुईणीनं हात टेकले. दारातल्या बायका कुजबुजल्या, "बापानं नवस फेडला नाही ना. देवी सोडते होय?"

लुमाजीनं ते ऐकलं. दगडाझाडांना धरत, खुरडत तो टेकडी चढला. देवीपुढे कपाळ आपटून म्हणाला, "मला ने. तिला सोड." पण नवस चित्राचा होता, जीव देऊन फिटणार नव्हता. शेवटी त्यानं कुंचला डाव्या हातात घेतला.

गुरव आडवा आला. "लुमाजी, वेड लागलं का? डाव्या हातानं आपण तीर्थसुद्धा घेत नाही!"

मागून धापा टाकत येसू आली होती. वीस वर्षं गप्प राहिलेली बाई बोलली. "काका, चुलीवरचं कालवण ढवळताना जिवाई रडली, तर मी तिला कुठल्या हातावर घ्यायची? उजवा कामातच असायचा. आईचं लेकरू डाव्यावरच वाढतं. वर बघा की. देवीचाही डावाच हात रिकामा आहे."

गुरवानं वर पाहिलं. मग बाजूला झाला.

हात थरथरत होता. रेघ वाकडी गेली, मध्येच तुटली. एक पाय लांब झाला, कान तर राहूनच गेला. लुमाजीला हुंदका फुटला. सवयीनं त्यानं फडकं उचललं.

येसूनं ते हिसकावून घेतलं. "अहो, थांबा! हे निजलेलं नाही. हे पाय झाडतंय."

त्यानं डोळे पुसले. खरंच, त्या कापऱ्या रेघेतलं बाळ आईच्या कडेवरून उतरायला धडपडत होतं. आणि तेवढ्यात, म्हणे, टेकडीखालून त्याच्या घराकडून कोवळा टाहो ऐकू आला. जिवाई सुखरूप सुटली होती.

ते फडकं येसूनं धुतलं आणि नातवाचं पहिलं बाळोतं केलं.

आजही देवीचे रंग चितारी अधूनमधून उजळून देतात. बाळाला मात्र कुणी हात लावत नाही. लांब पाय लांबच आहे, कान नाही तो नाहीच. खाली उंबऱ्यापाशी बाळंतिणी डाव्या हातानं रेघ ओढतात. कुणाची वाकडी जाते, कुणाची अर्ध्यात तुटते. पुसायला देवळात फडकं ठेवतच नाहीत.