सुताराचे सतरा चिंचोके

टण्. पितळी परातीत चिंचोका पडला की असा आवाज होतो. तसा बारीकच, पण बोलणाऱ्या माणसाच्या थेट काळजात जातो. मी लहान असताना आजोळी तो ऐकला होता. कसला आवाज म्हणून विचारलं, तेव्हा मला ही गोष्ट सांगितली गेली.

फार पूर्वी एका गावात माणसांना बोलायची भीती वाटायची. वाटेवर कोणी अनोळखी दिसला की लोक घरात शिरून कडी लावून घेत. मुलगी बघायला पाहुणे आले, तर बापाला शब्द सुचत नसे, तो नुसता पाणी देत राही. एकदा एक पाहुणा अकरा तांबे पाणी प्यायला आणि लग्नाचं काहीच न ठरता उठून गेला.

गावच्या वैद्याने यावर बरेच काढे देऊन पाहिले. गुण येईना. शेवटी त्याने बोलकं मंडळ काढलं. दर गुरुवारी, बाजार उठला की, सगळे गावाच्या जुन्या वखारीत जमत. मधोमध एक पाट ठेवलेला असे. ज्याला बोलायचं त्याने त्या पाटावर उभं राहायचं. बोलताना कोणी ‘अं’ केलं किंवा उगीच ‘म्हणजे’ म्हटलं, की कोपऱ्यात बसलेली दाईआजी परातीत एक चिंचोका टाकायची. टण्.

बोलणं संपलं की सोनार उठायचा. बोलणं तोलायचं काम त्याच्याकडे होतं. तो दोन गोष्टी चांगल्या सांगायचा आणि एक उणी. चांगल्या गोष्टीला गुळाचा खडा मिळे, उण्या गोष्टीला हिरवी मिरची.

मंडळाचे नियम दोनच. ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याच्या तोंडावरून नजर हलवायची नाही, हा पहिला. कारण सुरुवातीला लोक खिडकीतून रस्त्यावरच्या म्हशी बघत बसायचे. दुसरा असा, की कोण काय बोललं यावर कुणी बोलायचं नाही, कसं बोललं एवढंच सांगायचं. हा नियम नंतर केला. पहिल्या गुरुवारी एक जण बांधावरच्या आंब्याविषयी बोलला होता आणि शुक्रवारी सकाळी वैद्यबुवांना सात डोक्यांना पट्ट्या बांधाव्या लागल्या होत्या.

मंडळामुळे गावाचं भलं झालं, यात खोटं नाही. लग्नं जमू लागली. पाहुण्यांना दोनच तांबे पाणी पुरू लागलं.

त्याच गावात एक सुतार होता. त्याचा हात सोन्यासारखा, पण जीभ लाकडासारखी. तो मंडळात कधी गेला नव्हता. एकदा पाटाचा पाय मोडला, म्हणून त्याला बोलावलं. तो खाली वाकून काम करत होता, तेवढ्यात त्याच्या मानेवर काहीतरी पिठासारखं पडलं. त्याने ते बोटांत चोळलं, हुंगलं आणि वर बघितलं. मग शिडी लावून तो वर चढला. वखारीचं सगळं छप्पर ज्या तुळईवर उभं होतं, तिला त्याने पटाशीचं टोक लावलं. पिकल्या केळ्यात जावी तशी पटाशी आत गेली.

सुतार तडक वैद्याकडे गेला.

“वैद्यबुवा, ते… म्हणजे… तुळई…”

“थांबा,” वैद्य हसून म्हणाला, “इथे दारात सांगितलंत तर मंडळ कशासाठी काढलं? गुरुवारी पाटावर या. आणि वखारीच्या कामाचं मंडळच ठरवतं, मी एकटा कोण?”

गुरुवारी सुतार पाटावर उभा राहिला. त्याने हात वर करून तुळईकडे बोट दाखवलं.

“ते… अं… म्हणजे, वरची तुळई… अं… ती पोखरलीय. म्हणजे आतून. अं… पडेल.”

तो आणखीही बोलला, पण चिंचोक्यांच्या आवाजात कुणाला नीट ऐकू आलं नाही. तो थांबला तेव्हा सोनाराने परात मोजली.

“सतरा,” सोनार म्हणाला. “पण पहिल्यांदाच उभे राहिलात, तेव्हा आधी गोड सांगतो. तुमचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचला, हा एक गूळ. बोलताना हात वर केलात, धोतरात लपवला नाहीत, हा दुसरा गूळ. आणि ही सतरा चिंचोक्यांची मिरची.”

“पण तुळई…” सुतार म्हणाला.

“काय बोललात त्यावर नाही बोलायचं, सुतारदादा. नियम आहे.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुताराचा हात अजून वरच होता. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या घरचा सागाचा वासा नेला आणि तुळईला टेकू लावला. संध्याकाळी वैद्य स्वतः तो वासा परत घेऊन आला.

“सुतारदादा, तुमचं काम चोख, पण टेकू बरोबर पाटासमोर येतो. बोलणाऱ्याचं अर्धंच तोंड दिसतं. अर्ध्या तोंडाकडे बघून माणसाने काय शिकायचं?”

वैद्याच्या टोपीवर पांढरी भुकटी पडलेली होती. सुताराने तिच्याकडे बोट दाखवलं. वैद्याने टोपी झटकली आणि म्हणाला, “काढ्याची पूड असेल.”

आता सुताराला घोर लागला. चैत्रात मंडळाची वर्षाची मोठी सभा होती आणि ती तीन आठवड्यांवर आली होती. त्या दिवशी गावातल्या लहान मुली पाटासमोर सतरंजीवर बसून गाणं म्हणणार होत्या. त्यांत सुताराची भागूही होती. सहा वर्षांची. सतरंजी नेमकी तुळईखाली येत होती.

“तुम्ही भागूला त्या दिवशी घरीच ठेवा,” बायको म्हणाली.

“आणि बाकीच्या अकरा जणी?”

बायको म्हणाली, “तर मग नीट बोलायला शिका. त्यांना समजेल असं.”

सुतार शिकू लागला. रंधा मारता मारता तो शेळीला सांगायचा, दाराला सांगायचा, विहिरीच्या रहाटाला सांगायचा. दुसऱ्या गुरुवारी नऊ चिंचोके पडले. सोनार म्हणाला, “महत्त्वाचा शब्द आला की आधी जरा थांबा, म्हणजे त्याला वजन येतं.” सोनाराच्या स्वतःच्या तोंडी ‘म्हणजे’ आल्याबरोबर दाईआजीने त्याचाही एक चिंचोका टाकला.

तिसऱ्या गुरुवारी सुतार पाटावर चढला, सगळ्यांकडे शांतपणे बघितलं आणि म्हणाला, “मंडळी, तुमच्या डोक्यावर जी तुळई आहे, तिच्यात आता लाकूड उरलेलं नाही. वर आहे तो नुसता भुसा. ती पडणार आहे.” मग तो थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, “आणि खाली आपली मुलं असतील.”

परातीत एकही चिंचोका पडला नाही. मागच्या रांगेतल्या एका म्हातारीने डोळे पुसले.

सोनार उठला. “गूळ,” तो म्हणाला, “आणि गूळ. आणि आज मिरची देत नाही. ‘पडणार आहे’ म्हटल्यावर जे थांबलात ना, तिथे माझ्या अंगावर काटा आला.”

“मग तुळई उतरवायची ना?” सुताराने विचारलं.

“सुतारदादा,” वैद्य प्रेमाने म्हणाला, “नियम.”

घरी बायको वाट बघत होती. तिला आता मिरच्यांची सवय झाली होती, पाटा-वरवंटा तिने काढूनच ठेवला होता.

“आज किती?”

“एकही नाही. गूळच गूळ.”

“मग ऐकलं म्हणायचं त्यांनी.”

“ऐकतात ना,” सुतार म्हणाला. “इतकं मन लावून मला आजवर कुणी ऐकलं नाही. तीच तर अडचण आहे.”

यानंतर जे झालं ते सांगायला हवं, कारण सुतारही माणूसच होता. रस्त्याने जाताना लोक त्याला थांबवून नमस्कार करू लागले. “वर्षाचं पागोटं यंदा तुमचंच,” असं म्हणू लागले. मोठ्या सभेत जो सगळ्यांत छान बोलेल त्याच्या डोक्यावर मंडळाचं जरीचं पागोटं बांधत आणि पुढचं वर्षभर त्याला मानाने पहिल्या रांगेत बसवत. जन्मभर ज्याच्याकडे कुणी मान वळवून बघितलं नव्हतं, त्याला हे गोड लागलं. सभेच्या आदल्या दिवशी तो रंधा मारत होता आणि मनात म्हणत होता, ‘मुलं’ या शब्दाआधी थांबावं की नंतर? नंतर थांबलो तर टाळ्या जास्त पडतील.

आणि त्याचा हात थांबला. आपण सकाळपासून तुळईचा विचारच केलेला नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्या दिवशी तो नीट जेवला नाही.

मोठ्या सभेला वखार भरून गेली. परगावचे पाहुणेही आले होते. सतरंजीवर बारा मुली ओळीने बसल्या होत्या, केसांत अबोलीचे गजरे माळून. गाणं सुताराच्या बोलण्यानंतर होतं. सोनाराने गुळाची अख्खी ढेपच मांडली होती. एका ताटात जरीचं पागोटं होतं.

सुतार पाटावर चढला. वखारीत सगळं चिडीचूप झालं. पाहुण्यांना बाजूच्या लोकांनी कानात सांगितलं, “नीट बघा हं, तोंडावरून नजर काढू नका.”

सुताराने तोंड उघडलं. भाषण त्याच्या जिभेवर तयार होतं. तेवढ्यात त्याला भागूच्या गजऱ्यावर पांढरी भुकटी पडताना दिसली. आधी थोडी, मग धार लागल्यासारखी.

तो बोलला नाही. पाटावरून उतरला, सतरंजीकडे गेला, पहिल्या टोकाच्या मुलीला उचललं आणि दाराबाहेर नेऊन ठेवलं. परत आला. दुसरीला उचललं. भागू ओळीत पाचवी होती. तिला त्याने पाचव्यांदाच नेलं.

सभा गोंधळली. दाईआजी हातात चिंचोका धरून बसली, पण टाकायचा कशासाठी? सोनाराला काय तोलावं कळेना. बघायला बोलणारं तोंड नाही, ऐकायला शब्द नाही. तेव्हा सुतार प्रत्येक फेरीला ज्या दिशेला बघत होता, तिकडे पहिल्यांदाच सगळ्यांनी बघितलं. वर.

तुळई मधोमध वाकली होती, पाणी भरलेल्या कावडीसारखी.

“अगं बाई,” दाईआजी म्हणाली, “हा तर खरंच सांगत होता.”

मग मात्र कुणी नियम पाळला नाही. आयांनी उरलेल्या मुली उचलल्या, पाहुण्यांनी चपला सोडल्या, सोनाराने गुळाची ढेप सोडली नाही. दाईआजीला दोघांनी परातीसकट उचललं. शेवटी एकटा वैद्य आत राहिला.

“बसा, बसा,” तो म्हणत होता, “सभा संपली असं मी म्हटलेलं नाही. अध्यक्ष म्हणेपर्यंत…”

सुतार आत गेला, त्याचा हात धरला आणि बाहेर ओढून आणला. दोघे उंबऱ्याबाहेर आले आणि मागे तुळई पडली. तिच्यामागून छप्पर आलं. धूळ खाली बसायला बराच वेळ लागला. पाट कुठे होता ते ओळखू येत नव्हतं, आणि सतरंजी तर दिसतच नव्हती. गावात कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

बाहेर सगळे उभे राहिले. काही झालं की वैद्यबुवा चार शब्द बोलतात, ही गावाची सवय. लोकांनी त्याच्याभोवती कडं केलं आणि त्याच्या तोंडाकडे बघू लागले. सोनाराने नकळत गुळाचा खडा मोडून हातात धरला.

वैद्याने घसा साफ केला. “मंडळी,” तो म्हणाला, “आज आपल्या मंडळाच्या इतिहासात…”

त्याची नजर मुलींवर गेली. बाराजणी भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि आपल्या गाण्याचं काय, म्हणून एकमेकींना विचारत होत्या. वैद्य थांबला. त्याने आणखी एकदा तोंड उघडलं आणि मिटलं.

तो भागूसमोर गेला, खाली बसला आणि तिच्या केसांतली धूळ दोन्ही हातांनी हळूहळू झाडत राहिला. मग सुताराकडे बघितलं. वैद्य उठला, लोकांनी वाट दिली, आणि एक शब्दही न बोलता तो आपल्या घराच्या वाटेने चालू लागला.

पोरांनो, यातून घ्यायचं ते एवढंच: माणूस बोट दाखवून काही सांगत असेल, तर त्याच्या बोलण्याला गुण देण्याआधी तो दाखवतोय तिकडे एकदा मान वर करून बघावं.