म्हाळसाक्काचे प्रश्न

फार जुनी गोष्ट आहे. त्या राज्याचं नाव आता कुणाला आठवत नाही, आणि आठवावं असं त्या राज्यानं काही केलंही नव्हतं. पण तिथल्या एका बाईवर जे ओढवलं ते लहानथोरांनी ऐकून ठेवावं. मी ही गोष्ट पुष्कळदा सांगितली आहे. सांगताना दर वेळी मला राग येतो, आणि तो गिळावा असं मला वाटत नाही.

त्या बाईचं नाव म्हाळसा. सगळे तिला म्हाळसाक्का म्हणत. दरबारात आलेल्या पाहुण्यांना विडा देण्याचं काम तिच्याकडे होतं. तीस वर्षं ती सिंहासनाच्या उजव्या हाताला तबक घेऊन उभी राहत आली होती. कुणाला कात जास्त लागतो, कुणाला चुना सोसत नाही, कुणाच्या दाताला आता सुपारी फुटत नाही, हे तिला न सांगता कळे. भांडायला आलेली माणसं तिच्या हातचा विडा घेऊन जरा निवत, आणि मग बोलणं सुरू होई.

म्हातारा राजा वारला. त्याचा मुलगा गादीवर बसला. पहिल्याच महिन्यात तो प्रधानाला म्हणाला, "पाहुणा आत आला की समोर टवटवीत चेहरा दिसायला हवा. ही बाई फार सुरकुतली आहे."

प्रधानाचं वय सत्तर होतं. त्याचे गाल आत गेले होते, मानेची कातडी लोंबत होती. त्याच्या सुरकुत्यांबद्दल त्याला कधी कुणी बोललं नव्हतं, पुढंही कुणी बोललं नाही. त्यानं मान डोलावली आणि म्हाळसाक्काला निरोप दिला, "उद्यापासून तुम्ही मागच्या अंगणात पानं धुवायची."

पानं धुण्यात कमीपणा नाही. ती लहानपणी तेच करत होती. पण तीस वर्षांचं काम एका वाक्यात काढून घेतलं, आणि कारण काय, तर गालावरच्या रेघा. तिनं त्या दिवशी हौदाच्या पाण्यात स्वतःचा चेहरा बराच वेळ पाहिला. त्याआधी तिनं तो असा कधी पाहिला नव्हता.

अशा वेळी नेमके जे लोक येतात, त्यांतला एक जण त्या नगरात आला. तो स्वतःला रूपवैद्य म्हणवून घेई. त्याच्याजवळ एक लेप होता. "तीन दिवसांत दहा वर्षं मागं नेतो," असं तो चौकात उभा राहून सांगे. राजाला ते आवडलं. त्यानं राजवाड्याशेजारीच त्याला मांडव घालून दिला.

मांडवापुढं रांग लागली. राणीची वेणी घालणारी होती, देवघरात गाणारी होती, भोजनशाळेत वाढणारी होती. ज्यांना ज्यांना मागं सारलं होतं, किंवा उद्या सारतील अशी धास्ती होती, त्या सगळ्या होत्या. त्या रांगेत पुरुष एकही नव्हता.

म्हाळसाक्काची पाळी आली. ती बसली आणि तिनं सरळ विचारलं, "वैद्यबुवा, ह्या लेपात काय घातलंय?"

रूपवैद्य हसला. "हिमालयातली वनस्पती आहे. नाव सांगून तुम्हाला काय कळणार?"

"झोंबेल का?"

"थोडं चुणचुणेल."

"माझी कातडी नाजूक आहे. नवी गोधडी अंगावर घेतली तरी पुरळ येतं. मला चालेल का हा? आणि ह्याचा गुण किती दिवस टिकतो? बिघडलंच काही, तर उतारा काय?"

त्याचं हसू गेलं. तो मोठ्या आवाजात म्हणाला, "शंका घेणाऱ्याला माझं औषध लागू पडत नाही. विश्वास नसेल तर उठा, मागं पुष्कळ जणी उभ्या आहेत."

मागून वेणी घालणारी हळूच म्हणाली, "अक्का, नका हो विचारू. ते रागावले तर आम्हालाही परत पाठवतील."

म्हाळसाक्का उठली नाही. तिनं डोळे मिटले आणि चेहरा पुढं केला.

लेप लागताच आग झाली. दुसऱ्या दिवशी चेहरा तुकतुकीत झाला, रेघा नाहीशा झाल्या. लोक तोंडात बोटं घालू लागले. राजानं तिला बोलावून पाहिलं आणि खूश होऊन म्हणाला, "आता शोभतं." तिला तबक परत मिळालं. चार दिवस ती सिंहासनाच्या उजवीकडे उभी राहिली. चेहरा ताणल्यासारखा दुखत होता, हसायला गेलं की कातडी ओढे. तरी ती उभी राहिली.

पाचव्या दिवशी फोड आले. सातव्या दिवशी ते फुटले आणि गालाची कातडी सोलून निघाली. खालची जागा आधी लाल, मग काळी पडली. तबक पुन्हा तिच्या हातून गेलं.

ती मांडवात गेली. रूपवैद्यानं तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "तुम्ही उन्हात फिरला असणार. पथ्य मोडलं असणार."

"पथ्य तुम्ही सांगितलंच नव्हतं."

"सांगायचं काय त्यात? शहाण्या माणसाला कळतं." असं म्हणून त्यानं पुढच्या बाईला बसायला सांगितलं.

नगराबाहेर टेकडीवर काशी नावाची वैदीण राहत होती. तोंडानं फटकळ, पण हाताला गुण असलेली. म्हाळसाक्का पदरानं चेहरा झाकून तिच्याकडे गेली. काशीनं पदर बाजूला केला, जखमेचा वास घेतला आणि तिचा चेहरा कठोर झाला.

"बिब्ब्याचं तेल आहे हे. बिब्बा उततो, कातडी सुजते. सूज आली की सुरकुत्या दिसत नाहीत. ह्यात औषध कुठलं आलं? एखाद्याला थोबाडीत मारलं तरी गाल असाच भरलेला दिसतो."

तिनं थंड काढ्यानं जखमा धुतल्या, तूप लावलं आणि न विचारता सगळं सांगितलं. "चाळीस दिवस लागतील. उन्हात जायचं झालं तर झाकून जा. आग कमी होईल, खाज सुटेल, तेव्हा खाजवू नकोस. उजव्या गालावरचा डाग फिका होईल, पण जाणार नाही. जाईल असं मी म्हणणार नाही."

मग तिलाही राग आवरला नाही. "तू त्याला विचारलं नाहीस का काही?"

"विचारलं."

"उत्तर दिलं त्यानं?"

"नाही."

"मग उठून का नाही आलीस?"

"उठून कुठं जाणार होते काशी? हौदावर?"

काशीनं तुपाचं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "चुकले मी. चेहरा बरा दिसावा असं वाटणं हा गुन्हा नाही. माझ्याकडेही येतात बायका. हळद, साय, तेल मी देते, किती उपयोग होईल तेही सांगते. तुझ्यावर राग काढून उपयोग नाही. राग जिथला आहे तिथं ने."

चाळीस दिवस झाले. तोवर वेणी घालणारीचा चेहराही सोलला होता. आणखी दहा जणी घरात तोंड लपवून बसल्या होत्या. म्हाळसाक्का एकेकीच्या घरी गेली. दरबार भरलेला असताना त्या बाराही जणी आत शिरल्या. एकीच्याही तोंडावर पदर नव्हता.

राजानं नजर दुसरीकडे वळवली. रूपवैद्य पुढं होऊन म्हणाला, "महाराज, ह्या वयात ह्यांना रूप हवं होतं. हावेला माझ्याकडे औषध नाही."

काही जण हसले. प्रधानही हसला.

म्हाळसाक्का त्या हसणाऱ्यांकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता, पण शेवटच्या खांबापर्यंत ऐकू येत होता. "सुरकुत्या होत्या तेव्हा तुम्ही मला बाहेर काढलंत. त्या घालवायला गेले तर मला हसता. बाईनं करायचं काय, ते तरी एकदा सांगा."



मग ती रूपवैद्याला म्हणाली, "मी त्या दिवशी विचारलं होतं तेच आज विचारते. लेपात काय आहे? कुणाला तो चालत नाही? गुण किती दिवस टिकतो? बिघडलं तर उतारा काय?"

"राजासमोर वैद्याला असं विचारतात का?" तो म्हणाला.

म्हाळसाक्कानं मांडवातून आणलेली लेपाची वाटी पुढं केली. "मग हा तुमचा लेप. तुमच्या हाताला लावा."

राजानंही त्याला लेप लावून दाखवायची खूण केली. रूपवैद्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले. सगळ्यांनी ते पाहिलं. आता वेगळा पुरावा नको होता. राजानं हुकूम दिला, लेप मातीत पुरला गेला आणि रूपवैद्याला शिपायांनी राज्याच्या सीमेपार नेऊन सोडलं.

राजा म्हणाला, "म्हाळसाक्का, न्याय झाला."

"अर्धा झाला, महाराज."

"आता काय राहिलं?"

"त्यानं आमचे चेहरे जाळले. पण आम्हाला त्याच्या दारात कुणी धाडलं? मला आरशाची सवय नव्हती. मी सुरकुतले आहे हे मला तुमच्या शब्दानं कळलं."

राजा ओशाळून म्हणाला, "मी एक शब्द बोललो. लेप लावा असं तर म्हणालो नव्हतो."

"नाही म्हणालात. तुम्ही फक्त दार बंद केलंत, आणि शेजारी त्याचा मांडव घातलात."

राजा तरुण होता, पण दगड नव्हता. त्याची मान खाली गेली. त्यानं सुरकुतलेल्या बायकांना मागं सारण्याचा आपला हुकूम मागं घेतला आणि नवा काढला: जो वैद्य विचारल्या प्रश्नाचं उत्तर देणार नाही, त्यानं ह्या राज्यात कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. मग तो म्हणाला, "तुमची जागा मी तुम्हाला देतो."

"ती जागा तुम्ही देत नाही, महाराज," म्हाळसाक्का म्हणाली. "माझी होती, ती परत करता आहात."

ती जागेवर उभी राहिली. वेणी घालणारी आपल्या कामावर गेली, गाणारी देवघरात गेली. पण देवघरात गाणारी पुन्हा कधी पूर्ण तोंड उघडून गायली नाही, तिच्या ओठांची कडा आखडली ती आखडलीच. म्हाळसाक्काच्या गालावरचा डागही गेला नाही. ती सिंहासनाच्या उजवीकडे उभी राहिली तितकी सगळी वर्षं राजानं तो रोज जवळून पाहिला, आणि पाहुण्यांनी विचारलं की तो कशानं झाला, ते त्याला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागलं.

बोध एवढाच: जो तुमच्या प्रश्नाला चिडतो त्याच्या हाती आपली कातडी देऊ नये, आणि जो तुमच्या वयाला लाजवतो त्याला जाब विचारल्याशिवाय सोडू नये.