तित्तराच्या गळ्यातले आवाज

एका राज्यात एक माळ होता. माळावर बोरी-बाभळींची झुडपं, झुडपांखाली तित्तरांची घरटी. तिथल्या राजाला, चंडकेतूला, तित्तरांच्या शिकारीचा भारी नाद. त्याचा फासेकरी हैबती घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फासे वळी, ते माळावर पसरी आणि मधोमध पाळलेल्या तित्तराचा पिंजरा ठेवी. पाळलेला साद घाली, रानातले धावत येत आणि पाय अडकवून घेत.

त्या पाळलेल्या तित्तराचं नाव बाळ्या. हैबतीच्या बायकोनं, हिराईनं, त्याला अंड्यात असल्यापासून पदराखाली उबवला होता. साद घालायला शिकवलं तेही तिनंच. साद घातली तर वाळवीचे किडे, गप्प बसला तर उपास. हिराई मोठी नेमाधर्माची. तुळशीला पाणी घातल्याशिवाय तिनं कधी घास तोंडात घातला नाही. पण पाखराला उपाशी ठेवण्यात काही वावगं आहे, हे तिच्या कधी मनात आलं नाही.

माळाचा एक नेम होता, चातुर्मासात फासा लावायचा नाही. तेव्हा माद्या अंड्यांवर असतात. एका वर्षी ऐन श्रावणात राजाकडे पाहुणे आले.

"हैबती, पंगतीला तित्तर हवेत."

"महाराज, चातुर्मास चालू आहे."

"चातुर्मास तुझा. पाहुणे आमचे."

हैबतीनं फासे लावले. बाळ्यानं साद घातली. आधी नर आले, त्यांच्यामागं अंड्यांवरच्या माद्याही उठून आल्या. दिवस मावळेतो माळावरची सारी अंडी गार पडली.

माळावर एक जखीण राहत असे. तिनं एक गार अंडं तळहातावर घेतलं आणि शाप दिला, "ज्या गळ्यानं माझी लेकरं फसवली, त्याच गळ्यात तुमच्या लेकरांचे आवाज कोंडले जातील."

दुसऱ्या दिवशी हिराई चुलीपाशी भाकरी थापत होती. "आई, पाणी दे," अशी हाक आली. तिनं तांब्या भरला, लेकीपुढं, केशरपुढं धरला. पण केशरचे ओठ नुसते हलत होते, आवाज फुटत नव्हता. हाक पुन्हा आली. ती पिंजऱ्यातून आली होती. बाळ्या केशरच्या आवाजात पाणी मागत होता.

राज्यातली सगळी लेकरं मुकी झाली. राजपुत्रही झाला. माळावर तित्तर उरले नाहीत, तशी वाळवी माजली आणि उभी पिकं मुळापासून खाऊ लागली. राजाची माणसं दारात येऊन म्हणाली, "त्या पाखराची मान मुरगाळा."

हिराई पिंजऱ्याला मिठी मारून बसली. "ह्यात माझी पोर आहे," ती म्हणाली. "आधी माझी मुरगाळा."

मग खण-नारळ घेऊन ती माळावर गेली. जखीण म्हणाली, "ओटी भरायला आलीस? माझी रिकामी केलीत, ती कोण भरणार?"

"चुकलं, माय. उपाय सांग."

"तीन कामं आहेत. राज्यातला फासान् फासा सोडव. सुरी लावायची नाही, गाठी बोटांनी सोडवायच्या. राजाची तित्तरांच्या पिसांची शाल आणून इथं पसर. तिसरं मग सांगेन."

हिराई घरी आली, फाशांचा ढीग घेऊन बसली. हैबती कळवळला. "अगं, माझ्या बापाच्या हातच्या गाठी आहेत त्या!"

"बापाच्या गाठी जपायच्या आणि लेक मुकी ठेवायची? बसा इथं धनी. ही टोकं धरा."

हैबती बसला. नखं उलली, बोटं सुजली, तरी तिनं एकही गाठ ठेवली नाही.

मग ती दरबारात गेली. राजा म्हणाला, "शाल देऊन आम्ही थंडीत कुडकुडावं काय?"

राणीनं उठून शाल त्याच्या खांद्यावरून ओढून घेतली. "राजपुत्रानं बाबा म्हटलं की येईल ऊब," ती म्हणाली आणि शाल हिराईच्या हाती दिली.

हिराईनं ती माळावर पसरली. एकेका पिसाचा एकेक तित्तर झाला, अंग झाडून उघड्यावर चरू लागला.

"आता बाळ्याला मोकळा सोड," जखीण म्हणाली. "त्यानं आपखुशीनं ह्यांना 'पळा' म्हणून सांगायचं. मग आवाज सुटतील."

हिराईनं पिंजरा आणून दार उघडलं. बाळ्या दारात येऊन थबकला. केशरच्याच आवाजात म्हणाला, "आई, मला 'या' एवढंच येतं. तू तेवढंच शिकवलंस."

"आज 'पळा' म्हणायचं, राजा."

"का? आणि ते वर काय फिरतंय?"

हिराईनं वर पाहिलं. ससाणा होता. पिसांतून नुकतेच उठलेले तित्तर खाली मान घालून चरत होते.

"ते मरण आहे, बाळ्या. त्यांना झुडपात दडता येतं, पण त्यांनी अजून वर पाहिलं नाही. तू पिंजऱ्यात वाढलास, तुला दडता येत नाही."

"मी आत जाऊन बसलो तर?"

तिला खोटं बोलवेना. "तर वाचशील."

"आणि केशर?"

बाळ्यानं हिराईच्या पदराला एकदा चोच घासली. मग तो दगडावर चढला आणि राज्यातल्या साऱ्या लेकरांच्या आवाजात ओरडला, "पळा!"

तित्तर क्षणात झुडपांत दिसेनासे झाले. उघड्यावर एकटा बाळ्या राहिला. ससाणा खाली आला, त्याला घेऊन गेला.

त्याच घटकेला घराघरांतून कलकलाट उठला. राजपुत्र बोलला, राजा रडला. चातुर्मासात फासा लावील त्याला हद्दपारी, अशी दवंडी पिटली. हैबती माळाचा राखणदार झाला. तित्तरांनी वाळवी वेचली, पिकं सावरली. सगळं पहिल्यासारखं झालं.

हिराई रिकामा पिंजरा घेऊन घरी आली. केशर धावत आली, पिंजऱ्यात डोकावली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "आई, बाळ्या कुठं आहे?"

हाच आवाज ऐकायला हिराईनं सारं केलं होतं. तो पुन्हा पुन्हा तेवढंच विचारीत राहिला, आणि ती लेकीला पोटाशी धरून उंबऱ्यात बसून राहिली.

माळाची माय कुणावर कोपू नये. कोपलीच, तर तिनं आपल्या-तुपल्याला ह्याहून सोपी अट घालावी, एवढंच मागणं.